पार्क मैदानावरच्या रिकाम्या पायऱ्या

बीड जिल्ह्यातल्या माणसाला सोलापूर परके नाही. कोणी दवाखान्याच्या कामाला जातो, कोणी सोयरीक जमवायला, कोणी लग्नातल्या आहेरासाठी चादरी आणायला. परंतु नुसता क्रिकेटचा सामना बघायला, आणि तोही चार दिवस चालणारा रणजी सामना बघायला, पहाटेच्या एस.टी.ने निघालेली मंडळी आमच्या कंडक्टरने बहुधा प्रथमच पाहिली असावी. "तुमचं कुणी पोरगं खेळतंय का त्यात, भाऊसाहेब?" त्यांनी तिकीट फाडता फाडता विचारले. नाही म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, पण मागे जाऊन दुसऱ्या प्रवाशाला त्यांनी ही गोष्ट सांगितली, हे आम्हाला ऐकू आले.

तो दिवस २ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, ज्याला सगळे सोलापूर पार्क मैदान या नावानेच ओळखते, महाराष्ट्र विरुद्ध सौराष्ट्र हा सामना त्या दिवशी सुरू होणार होता. आम्ही चौघे होतो. आम्ही स्वतः, नववीत शिकणारी आमची मुलगी, टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवणारा आमचा भाचा आणि आमच्या वस्तीतले एक सेवानिवृत्त गुरुजी. गुरुजींनी पंचाहत्तरी ओलांडली असल्याने त्यांना एस.टी. मोफत, मुलीला अर्धे तिकीट, उरले आम्ही दोघे पूर्ण तिकीटवाले. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या माणसाला असा हिशोब केल्याशिवाय प्रवास गोड लागत नाही. पिशवीत मुलीच्या आईने करून दिलेले धपाटे, ठेचा आणि दोन मोठ्या पाण्याच्या बाटल्या होत्या.

जाण्याचे कारण सांगायला हवे. गेली कित्येक वर्षे आम्ही एकच वाक्य ऐकत आलो आहोत, की लोकांना आता लांबलचक क्रिकेट बघायला धीर राहिला नाही. कसोटी असो की रणजी, मैदाने ओस पडतात, कारण म्हणे लोकांना तीन तासांत निकाल हवा असतो. आम्हाला हे पटत नव्हते. पावसाची वाट बघत आयुष्य काढणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला धीर नाही, असे कोणी म्हणावे? दुसरे कारण घरातले. आमची मुलगी बीडच्या स्टेडियमवर सरावाला जाते, मध्यमगती गोलंदाजी करते. परंतु तिने आजवर पाहिलेले सगळे क्रिकेट वीस षटकांचे. तिचे प्रशिक्षक तिला एकदा म्हणाले, "चार दिवसांचा सामना एकदा समोर बसून बघ, मग तुला कळेल की गोलंदाज दिवसभर काय करतो." बीडमध्ये तसा सामना आम्ही कधी पाहिला नाही. म्हणून सोलापूर.

मांजरसुंब्याचा घाट ओलांडला तेव्हा अजून उजाडायचे होते. रस्त्यावर उसाने लादलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे रात्री चमकणारी लाल फडकी. चौसाळा गेले, पारगाव गेले. येरमाळ्याला बस चहासाठी थांबली तेव्हा असाच एक ट्रॅक्टरवाला शेजारी उभा होता. आपल्याच जिल्ह्यातला, धारूरकडचा निघाला. भाच्याच्या हातात मोबाईल बघून त्याने विचारले, "कुणाची मॅच हाय रे आज?" भाच्याने सांगितले, विशाखापट्टणमला इंग्लंडविरुद्ध दुसरी कसोटी आजपासून. त्यावर तो माणूस म्हणाला, "पहिली गेली आपली हैद्राबादला. ओली पोपनं मारलं." आणि त्याने पोपच्या १९६ धावा बिनचूक सांगितल्या.

आम्ही त्यांना विचारले, मैदानावर जाऊन कधी सामना पाहिला का? ते हसले. "आमचा सीझन आन् त्यांचा सीझन एकच की हो भाऊसाहेब."

ही गोष्ट आम्ही बीडमध्ये जन्म काढूनही कधी अशी लक्षात घेतली नव्हती. दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही. ते परततात उन्हाळा लागल्यावर. रणजी करंडकाचा हंगामही तेवढाच, ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च. म्हणजे मैदानावर मोठे क्रिकेट चालते तेव्हा आपला अर्धा जिल्हा सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या फडात असतो. आणि तो परततो तेव्हा आयपीएल सुरू झालेले असते, संध्याकाळी, काम संपल्यावर, मोबाईलवर. मग या माणसाला वीस षटकांचे क्रिकेट आवडते असे म्हणायचे, की त्याच्या वाट्याला तेवढेच आले असे म्हणायचे?

नोकरदाराचेही फार वेगळे नाही. आम्हा कारकुनांना वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. एक कसोटी सामना पुरता बघायचा म्हटला तर त्यातल्या पाच संपल्या. उरलेल्या तीन रजांत आजारपण, शाळा, सोयरसुतक आणि तहसीलची कामे. २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यामुळे आम्ही शुक्रवारची एक रजा टाकून दोन दिवसांचा सामना पदरात पाडून घेतला. रोजंदारीवाल्याला तर रजेचा रकानाच नाही. त्याला चार दिवसांचा सामना म्हणजे चार दिवसांची मजुरी.

तुळजापूरचा घाट उतरून आम्ही सोलापुरात पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. स्टँडवरून रिक्षाने दहा मिनिटांत मैदान. हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण सगळा प्रश्न या दहा मिनिटांचा आहे असे आमचे मत पुढे झाले. पार्क मैदान शहराच्या पोटात आहे. भोवती दुकाने, कार्यालये, शाळा. पॉली उमरीगर यांचा जन्म या सोलापूरचा, १९२६ सालचा. याच हंगामात, जानेवारीत, महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा सामनाही इथे झाला होता. सोलापूरकर खूश होते.

आत जायला तिकीट नव्हते. सकाळी पायऱ्यांवर मोजून दोन-तीनशे माणसे असतील. एवढ्या मोठ्या स्टेडियमात ती विखुरलेली, सावली जिथे होती तिथे जमलेली. पहिल्यांदा मन खट्टू झाले, हे खरे. मुलगी म्हणाली, "पप्पा, टीव्हीवर दाखवतात तसं काहीच नाही. गाणी पण नाहीत." परंतु अर्ध्या तासात तिला दुसरीच गोष्ट सापडली. "बॅटीला बॉल लागल्याचा आवाज येतोय इथपर्यंत," ती म्हणाली. गर्दी नसल्याने यष्टिरक्षकाचे बोलणे, कप्तानाची हाक, पंचाने मोजलेला चेंडू, सगळे ऐकू येत होते. चेंडू वळत होता. फलंदाजाच्या भोवती जवळचे क्षेत्ररक्षक वाकून उभे. एकेक षटक कोरे जायचे आणि त्या कोऱ्या षटकात काय काय घडते हे गुरुजी भाच्याला सांगत होते. गोलंदाजाने दोन चेंडू बाहेर ठेवले, तिसरा आत आणला, फलंदाजाने बॅट उशिरा काढून घेतली. भाचा म्हणाला, "पण धाव तर नाही ना झाली, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "अरे, तो टिकला. ती मोजायची राहून जाते."

दुपारकडे माणसे वाढू लागली. कॉलेजची पोरे आली, शाळा सुटल्यावर दप्तरासकट मुले आली, दोन दुकानदार दुकान पोराच्या हवाली करून आले. एक पोस्टमन सायकल बाहेर लावून अर्धा तास बघून गेला. सौराष्ट्राकडून चेतेश्वर पुजारा खेळत होता, शंभराहून अधिक कसोटी सामने खेळलेला माणूस, आणि तोच बहुतेकांचे आकर्षण होता. त्या सामन्यात त्याची बॅट काही बोलली नाही. परंतु तो बाद झाल्यावर पायऱ्या रिकाम्या झाल्या नाहीत, याची नोंद घ्यावी.

आमच्या शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ बसले होते. धोतर, वर जाकीट, हातात शेंगदाण्याची पुडी. गिरणीत साचेवाले होते. "बीडाहून आलाव व्हय? नुसतं मॅच बघाय?" त्यांना मोठे नवल वाटले, आणि पुडी आमच्यापुढे आली. आम्ही त्यांना विचारले, पूर्वी इथे गर्दी किती असायची? ते म्हणाले, "गिरण्या व्हत्या की तवा. तीन पाळ्या. रातपाळीवाला सकाळी मोकळा, दुसऱ्या पाळीवाला दुपारपतोर मोकळा. दिवसा शहरात रिकामी माणसं लई. समदी हितंच."

साध्या माणसाने साधे उत्तर दिले. परंतु आम्ही आजवर या विषयावर जे जे वाचले त्यात हे उत्तर नव्हते. दिवसा खेळला जाणारा खेळ बघायला दिवसा मोकळी माणसे लागतात. गिरणीच्या पाळीने कामगाराला राबवले, पण त्याच पाळीने त्याला अर्धा दिवसही दिला. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर तो अर्धा दिवसही गेला. मुंबईच्या गिरणगावातही हेच झाले असणार. आता त्या कामगाराची मुले कोणाच्या तरी दुकानात सकाळी नऊ ते रात्री नऊ उभी आहेत.

जेवणाची सुट्टी झाली. धपाटे सोडले, साचेवाल्या बाबांनीही एक घेतला, त्यांच्या घरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आम्हाला मिळाली. तेव्हा गुरुजींनी मुलांना पळवणकर बाळूंची हकीकत सांगितली. आमच्या वाचकांपैकी जुन्यांना ती ठाऊक असेल, तरुणांना नसावी म्हणून थोडक्यात लिहितो. चांभार समाजात जन्मलेले बाळू पुण्याला गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करीत. पगार महिना तीन-चार रुपये. नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकता टाकता ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला त्यांच्या गोलंदाजीवाचून गत्यंतर उरले नाही, म्हणून घेतले. मैदानात चेंडू त्यांच्या हातून घ्यायचा, पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या पेल्यात चहा. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते मिळाले त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साली, आणि विजय झाल्यावर जमलेल्या लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले, बाबासाहेब निवडून आले, तो इतिहास वेगळा.

मुलीने विचारले, "मग एवढे लोक यायचे त्यांना बघायला?" यायचे. तिरंगी, चौरंगी सामन्यांना मुंबईत हजारो माणसे लोटत, झाडांवर चढून बघत. ते सामने तीन-तीन दिवस चालत. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की पॅव्हिलियनच्या आत बाळूंना पेला नव्हता, पण दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्या हजारो लोकांनी तो चेंडू स्वतःच्या डोळ्यांनी वळताना पाहिला होता. त्यांच्या बोटांची करामत कोणाला नाकारता आली नाही, याला ती गर्दी साक्षीदार होती. साक्षीदार नसता तर काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुपारी दीडनंतर पायऱ्यांवर एक वेगळीच धांदल उडाली. भाचा ओरडला, "मामा, धस आला!" दक्षिण आफ्रिकेत ब्लोमफॉन्टेनला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारत-नेपाळ सामना सुरू होता आणि आपल्या बीडचा सचिन धस खेळायला आला होता. भोवती दहा-पंधरा डोकी जमली. बीडची माणसे म्हणून आम्हाला उगीचच मान मिळाला. सचिनने ११६ धावा केल्या, कप्तान उदय सहारनने १००, दोघांची भागीदारी दोनशेच्या पुढे. दुसऱ्या एका पोराच्या मोबाईलवर विशाखापट्टणमची कसोटी होती, तिथे यशस्वी जयस्वाल दिवसअखेर १७९ धावांवर नाबाद राहिला. म्हणजे बघा, आम्ही बसलो होतो सोलापुरात, समोर रणजी, उजव्या हाताला कसोटी, डाव्या हाताला विश्वचषक. एका पायरीवर तीन मैदाने. आणि तिन्हीकडे बघणारी माणसे तीच. लोक क्रिकेट बघत नाहीत असे कोण म्हणतो? विशाखापट्टणमची कसोटी तर सगळा देश फुकटात मोबाईलवर बघत होता. बघणारे वाढले, बसणारे कमी झाले.

परंतु मोबाईलवर बघणे आणि पायरीवर बसून बघणे यात फरक आहे, आणि तो आम्ही एका उदाहरणाने सांगतो. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एकाच कसोटीत मराठवाड्याचे दोन खेळाडू प्रथम उतरले, बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, इक्बाल सिद्दीकी. त्यानंतर फेब्रुवारी २००२ मध्ये बांगरने नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद शतक केले. परंतु बांगरची खरी खेळी लीड्सची, ऑगस्ट २००२. आभाळ भरलेले, चेंडू फिरतो आहे, सेहवाग लवकर बाद. बांगर उभा राहिला. २३६ चेंडू खेळला आणि ६८ धावा केल्या. दुसऱ्या बाजूला द्रविड. मागून द्रविडच्या १४८, तेंडुलकरच्या १९३, गांगुलीच्या १२८ झाल्या आणि भारत एक डाव ४६ धावांनी जिंकला. आजच्या मोबाईलवर ती खेळी दाखवायची तर काय दाखवणार? सोडलेले चेंडू? अंगावर घेतलेले मार? दोन मिनिटांच्या चित्रफितीत ते बसत नाही. आम्ही ती खेळी त्या वेळी बीडच्या एका चहाच्या हॉटेलात पाहिली, मधून मधून वीज जात होती, तरी कोणी उठले नाही. बांगर रेल्वेकडून खेळायचा. २००१-०२ साली रेल्वेने प्रथमच रणजी करंडक जिंकला त्या संघात तो होता. अशी उभी राहण्याची कला रणजीच्या रिकाम्या मैदानांवर शिकली जाते, आणि ती शिकणाऱ्या मुलांनी ती आधी कुठे तरी पाहिलेली असावी लागते. सचिन धस अर्ध्याच टर्फच्या खेळपट्टीवर सराव करून पुढे गेला. त्याच्या मागे येणाऱ्या पोरा-पोरींना चार दिवसांचा सामना दिसणार कुठे?

आता मैदानांबद्दल. महाराष्ट्राचे क्रिकेट एके काळी पुणे शहरात होते. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना पाहुण्या कप्तानाने पुढे खेळायला नकार देऊन सामना सोडून दिला. त्याच हंगामात पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र सामन्यात एकूण २,३७६ धावा झाल्या. अशी मॅरेथॉन बघायला पुणेकर चालत किंवा सायकलवर जाऊ शकत. पुढे स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियमही एस.टी.तून उतरणाऱ्या माणसाच्या आवाक्यातले होते. आता मोठे सामने गहुंज्याला, द्रुतगती मार्गालगत. स्टेडियम देखणे आहे, सदतीस हजारांच्या आसपास माणसे बसतील एवढे. पण ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याने सकाळी साडेनवाच्या आत तिथे पोहोचायचे आणि संध्याकाळी परतायचे म्हणजे काय, हे एकदा करून पाहावे. नागपूरचेही तसेच झाले. बांगरने शतक केले ते मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, शहरात. २००८ पासून कसोटी सामने वर्धा रोडवर जामठ्याला गेले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली, सौरव गांगुलीची ती शेवटची, आणि खुर्च्या रिकाम्या होत्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गहुंज्याला न्यूझीलंडविरुद्ध कसोटी झाली. तेव्हा मात्र लोक हजारोंनी आले होते. बहुतेक बैठकांवर छप्पर नाही, ऑक्टोबरचे ऊन, आणि पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना पिण्याचे पाणी वेळेवर मिळाले नाही. लोकांनी घोषणा दिल्या, नंतर आयोजकांनी माफी मागितली. ही वर्तमानपत्रांत आलेली गोष्ट आहे. भारत तो सामना ११३ धावांनी हरला आणि मायदेशातली मालिकाही गेली, २०१२ नंतर प्रथमच. पराभवाचे काही नाही, खेळात ते चालायचेच. परंतु पाणी? नागपूरला दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लाखो माणसे येतात. त्यांना कोणी तिकीट विकत नाही, मोठा पुरस्कर्ता नाही, तरी रस्त्यारस्त्यावर मंडळांची पोरे पाण्याचे पिंप आणि भोजनाच्या पंगती लावून उभी असतात. जो माणूस येणार आहे त्याला तहान लागणार आहे, हे त्या पोरांना कळते.

गर्दी जमत नाही असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी पाच दिवसांत ३ लाख ७३ हजारांहून अधिक लोकांनी पाहिली. नाताळच्या सुट्ट्या, शहराच्या मधोमध मैदान, ट्रामने जा, ट्रामने या. आपल्याकडे नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याला दिवस-रात्र कसोटी झाली, तिकीट पन्नास रुपयांपासून, संध्याकाळी काम संपवून लोक आले, ईडन गार्डन भरले. त्याच्या आदल्याच महिन्यात रांचीत ओस मैदान पाहून कप्तान विराट कोहली म्हणाला होता की देशात कसोटीसाठी पाचच कायम केंद्रे ठरवावीत. त्याचा हेतू चांगला असेल. परंतु बीडहून पाहिले तर पाच मोठी शहरे म्हणजे आमच्यासाठी दार बंदच. तोच कोहली जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत रेल्वेविरुद्ध रणजी सामना खेळला तेव्हा हजारो माणसे दरवाजे रेटून आत शिरली. दुसऱ्या दिवशी तो सहा धावांवर त्रिफळाचित झाला आणि लोक उठून घरी गेले. बाद करणारा हिमांशू सांगवान हा रेल्वेचा गोलंदाज. त्याचे पुढचे षटक बघायला किती जण थांबले असतील? माणूस बघायला आलेली गर्दी आणि सामना बघायला आलेली गर्दी यातला हा फरक सोलापूरच्या दोन-तीनशे लोकांनी आम्हाला आधीच दाखवला होता.

त्या रात्री आम्ही मावसभावाकडे मुक्काम केला आणि शनिवारी पुन्हा सकाळी साडेनऊला पायरीवर हजर झालो. साचेवाले बाबा त्याच जागेवर होते, आमच्यासाठी त्यांनी रुमाल टाकून जागा धरली होती. ज्या मैदानात हजारो जागा मोकळ्या तिथे जागा धरणे, याला काय म्हणावे! मुलगी त्या दिवशी मोबाईलकडे फारशी वळली नाही, बुमराहने विशाखापट्टणमला सहा बळी घेतले तेवढे सोडून. तिने एका वहीत एका गोलंदाजाची सगळी षटके लिहून काढली, कोणता चेंडू कुठे पडला, खुणा करून. एका जागी तिने लिहिले होते, "नऊ चेंडू सारखेच, दहावा हळू." सामना पुढे सौराष्ट्राने जिंकला. आम्ही तोवर परतीच्या बसमध्ये होतो, सोमवारी कार्यालयात टपाल वाट बघत होते.

त्याच आठवड्यात, ६ फेब्रुवारीला, सचिन धसने उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून हातातून गेलेला सामना ओढून आणला आणि बीडमध्ये फटाके वाजले. मुलीने मात्र आम्हाला विचारले, "पप्पा, तो आता महाराष्ट्राकडून चार दिवसांची मॅच खेळेल, तेव्हा आपण कुठे जायचं?"

बारामतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामना झालेला आहे. जामखेड, कर्जत, राशीन, भिगवण मार्गे ते बीडहून फार लांब नाही. सोलापूर आहेच. बीडलाही पूर्ण टर्फची खेळपट्टी आणि प्रेक्षकांसाठी सावलीचा एक मांडव झाला तर निदान जिल्ह्याजिल्ह्यांतले दोन-तीन दिवसांचे सामने आपल्या पोरांना घरच्या घरी दिसतील, अशा आशयाचा अर्ज आम्ही काही पालकांच्या सह्यांनिशी दिला आहे, त्याची पोच आमच्याकडे आहे. तोवर येत्या हंगामात महाराष्ट्राचा सामना यांपैकी कुठेही लागला तर आम्ही एक जीप ठरवणार आहोत. भाडे माणशी वाटून, भाकरी ज्याची त्याने आणायची, पाणी आमच्याकडून. सात जागा आहेत, त्यातल्या दोन मुलींसाठी राखून ठेवल्या आहेत आणि एक गुरुजींची आहे.